अकाली गेलेला लेखक आणि त्याची ट्रंक : केन्जी मियाझावा यांच्या निमित्ताने

आपल्या नियतकालिकांचे जुने अंक चाळताना एक गोष्ट वारंवार नजरेस येते. एखादा तरुण कवी वा कथाकार तिशी-पस्तिशीत निघून जातो. पुढील अंकात त्याचे छायाचित्र काळ्या चौकटीत छापले जाते, शोकसभेचा वृत्तान्त येतो आणि त्यात ‘उमलत्या वयात’, ‘आशास्थान’, ‘कधीही भरून न निघणारी पोकळी’ हे शब्द ओळीने येतात. हे शब्द खोटे असतात असे आमचे म्हणणे नाही. बोलणाऱ्याचा कंठ खरोखरच दाटून आलेला असतो. परंतु या भाषणांत गेलेल्या लेखकाने काय लिहिले याविषयी फारच थोडे असते. तो जगला असता तर काय लिहिता, याविषयीच सारे बोलणे असते. वर्षभराने स्मृतिदिन होतो, स्मृतिग्रंथाची घोषणा होते, आणि त्याच्या वह्या घरच्या पत्र्याच्या पेटीत तशाच पडून राहतात. घर बदलले की त्या रद्दीत जातात.

गेलेल्या लेखकाचा शोक कसा करावा, हा प्रश्न केवळ भावनेचा नसून तो साहित्यसमीक्षेचाही आहे आणि धम्माचाही आहे, असे आम्हांस वाटते. त्याचा विचार करण्यासाठी येथे एका जपानी बौद्ध लेखकाचे उदाहरण घेतले आहे. केन्जी मियाझावा हे ते लेखक. वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी, २१ सप्टेंबर १९३३ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या नावावर दोनच पुस्तके होती आणि तीही फारशी खपलेली नव्हती. आज जपानमधील शाळेत जाणाऱ्या बहुतेक मुलांना त्यांचे नाव ठाऊक असते. या दोन अवस्थांच्या मध्ये जे घडले ते प्रामुख्याने शोक करणाऱ्यांच्या हातून घडले. त्यात भले झाले तसे बुरेही झाले. शिवाय केन्जी स्वतः एका अकाली मृत्यूचा शोक आयुष्यभर लिहीत होते. त्यामुळे हा विषय त्यांच्या बाबतीत दोन्ही अंगांनी पाहता येतो.

केन्जींचा जन्म २७ ऑगस्ट १८९६ रोजी जपानच्या ईशान्येकडील इवाते प्रांतात, हानामाकी या गावी झाला. हा प्रदेश थंडीचा, वारंवार पिके बुडणारा आणि दरिद्री. वडील मासाजिरो यांचा गहाणवटीचा व जुन्या कपड्यांचा व्यवसाय होता. अडलेला शेतकरी घरातील वस्तू घेऊन दारात उभा राहिला की या घरात पैसा येई. ही गोष्ट केन्जींना लहानपणापासून बोचत होती. आपल्या वाचकांना सावकाराच्या ओट्याची दुसरी बाजू ठाऊक आहे. ओट्यावर बसलेल्याच्या मुलाला त्याची लाज वाटावी, हे आपल्याकडील साहित्यात क्वचितच वाचावयास मिळते.

घरातील धर्म जोदो शिनशू पंथाचा होता. वयाच्या अठराव्या वर्षी केन्जींनी ‘सद्धर्मपुंडरीक सूत्र’ वाचले आणि ते त्याच सूत्राचे झाले. १९२० मध्ये ते निचिरेन परंपरेतील कोकुचूकाई या संघटनेत सामील झाले आणि सूत्राच्या नावाचा जयघोष करीत हानामाकीच्या रस्त्यांतून हिंडू लागले. मुंबईत वरळीच्या जपानी बुद्धमंदिरातील ढोलाबरोबरचा घोष ज्यांनी ऐकला आहे, त्यांना त्या घोषाची कल्पना येईल. प्रतिष्ठित व्यापाऱ्याच्या थोरल्या मुलाने असे करावे, हे गावाला वेड वाटले. जानेवारी १९२१ मध्ये ते घर सोडून टोकियोस गेले; परंतु धाकटी बहीण तोशी आजारी असल्याची तार आल्यावर त्याच वर्षी परतले आणि गावच्या कृषिशाळेत शिक्षक झाले.

तोशी ही केन्जींची पहिली वाचक होती. टोकियोच्या महिला विद्यापीठात ती शिकली, परत येऊन शिक्षिका झाली. भावाच्या आरंभीच्या कवितांची स्वच्छ प्रत तयार करण्याच्या कामी तिचा हात होता, आणि वडिलांशी चाललेल्या धार्मिक वादात घरात तिचाच आधार होता. २७ नोव्हेंबर १९२२ रोजी, चोविसाव्या वर्षी, ती क्षयाने गेली. वडिलांच्या पंथाच्या मंदिरात झालेल्या अंत्यविधीत केन्जी सामील झाले नाहीत. दहनाच्या ठिकाणी मात्र त्यांनी आपल्या सूत्राचे पठण केले. १९५६ नंतर आपल्याकडेही कित्येक घरांत मयताच्या वेळी जुने विधी करावयाचे की त्रिसरण-पंचशील म्हणावयाचे, यावरून भावाभावांत अबोला झाला आहे. तेव्हा त्या थंडीत बाजूला उभ्या राहिलेल्या या भावाचे दुःख समजण्यास आपल्याला टीपेची गरज नाही.

तोशीच्या मृत्यूची तारीख घातलेल्या तीन कविता ‘हारु तो शुरा’ या संग्रहात आहेत. एप्रिल १९२४ मध्ये केन्जींनी हा संग्रह स्वखर्चाने काढला; प्रती हजार. नावाचा अर्थ ‘वसंत आणि असुर’ असा आहे. बौद्ध विश्वकल्पनेतील सहा गतींपैकी असुरगती ही क्रोधाची आणि अस्वस्थतेची. केन्जी स्वतःला तेथे ठेवतात. ‘असुर’ शब्दाचा आपल्या परंपरेतील इतिहास निराळा आहे आणि बळीराजाचे स्मरण करणारा वाचक तो शब्द वेगळ्या कानाने ऐकेल, हे येथे नमूद करून पुढे जाऊ.

या तीन कवितांपैकी पहिलीत घडते ते इतकेच : तापाने फणफणलेली बहीण बाहेर पडणारे ओले हिम आणून द्यावयास सांगते, भाऊ लहानपणापासून दोघे वापरत आलेले दोन फुटके वाडगे घेऊन अंगणात धावतो आणि पाइनच्या फांदीवरून हिम घेऊन येतो. वाडग्यांवरील निळसर पाणवनस्पतीचे चित्रसुद्धा कवीने विसरू दिलेले नाही. तोशीचे शब्द प्रमाण जपानीत नसून इवातेच्या बोलीत आहेत, आणि आपण एकटीच जात आहोत या अर्थाचा तिचा उद्गार तर केन्जींनी रोमन लिपीत छापला. या योजनेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस वाटते ते असे की, मरणाऱ्याच्या तोंडचे शब्द कवीने आपल्या भाषेत विरघळू दिले नाहीत. ते जसेच्या तसे, परके वाटतील असे, बाजूला ठेवले. मायबोलीतील शेवटचे वाक्य शुद्ध करून छापण्याचा मोह किती असतो, हे बोलीत लिहिणाऱ्या आपल्या लेखकांना सांगावयास नको.

कवितेच्या अखेरीस तो वाडगाभर हिमासाठी एक प्रार्थना करतो. छापील पाठात, ते हिम स्वर्गातील आइस्क्रीम व्हावे, अशी ती इच्छा आहे. पुढे केन्जींनी स्वतःच्या प्रतीत हाताने दुरुस्ती करून तेथे तुषित लोकीच्या अन्नाचा उल्लेख घातला. तुषित लोक म्हणजे बोधिसत्त्व अखेरच्या जन्मापूर्वी जेथे असतात तो लोक. अभ्यासकांना ही दुरुस्ती अधिक बौद्ध वाटेल. आमचे मत उलट आहे. आजारी मुलीला थंड, गोड असे काही हवे होते; आइस्क्रीम हा शब्द तिच्या जिभेजवळचा आहे. दुरुस्तीत सूत्र आले, पण तोशी थोडी दूर गेली. मात्र दोन्ही पाठ आपल्यापुढे आहेत म्हणून हा मतभेद शक्य आहे. दुरुस्तीचीच प्रत उरली असती तर वादाला जागाच राहिली नसती. या मुद्द्याकडे पुढे परत यावयाचे आहे.

त्यानंतर सुमारे सहा महिने केन्जींच्या कवितेत खंड आहे. १९२३ च्या उन्हाळ्यात त्यांनी उत्तरेस साखालिनपर्यंत प्रवास केला. निमित्त विद्यार्थ्यांच्या नोकरीचे होते. वाटेतील कविता मात्र तोशीला शोधणाऱ्या आहेत. आओमोरीच्या वाटेवरील दीर्घ शोककवितेत, रात्रीच्या आगगाडीत बसून, कवी विचारतो की ती गेली कशी आणि आता आहे कोठे. जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेल यांचे नाव तेथे येते, नरकाची भीती येते, पक्ष्याच्या जन्माची शक्यता येते. शेवटी कवी अशा ठिकाणी पोहोचतो की, ती गेल्यापासून आपण फक्त तिच्या एकटीच्या सुखाची याचना केली नाही, असे तो स्वतःला बजावतो.

हे वाचताना थेरीगाथेतील उब्बिरीची आठवण होते. मुलीसाठी स्मशानात रडणाऱ्या उब्बिरीला तथागत विचारतात की, याच नावाच्या चौऱ्याऐंशी हजार मुली येथे जळाल्या आहेत, त्यांतील कोणत्या मुलीसाठी हा विलाप? केन्जी आपणहून तोच प्रश्न स्वतःला विचारीत आहेत. परंतु येथे आंबेडकरवादी वाचकाने थोडे थांबावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच विचारले आहे की, वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला ही कथा बुद्धीला पटते काय. मृत्यू एकोणतिसाव्या वर्षी प्रथमच दिसला असे कोणाच्या बाबतीत घडत नाही. मृत्यू सर्वांना आहे हे सत्य सांगून कोणता मृत्यू टळू शकला असता हा प्रश्न मिटवता येत नाही. बाबासाहेब आणि माता रमाई यांनी रमेश, गंगाधर, इंदू आणि राजरत्न ही चार अपत्ये लहानपणीच गमावली. त्या घरातील ओढग्रस्त ठाऊक असणारा माणूस अनित्यतेचे सूत्र उच्चारतानाही औषधाचा आणि अन्नाचा प्रश्न विसरू शकत नाही. उब्बिरीला दिलेले उत्तर खरे आहे. परंतु आमच्या वस्तीत ते पूर्ण उत्तर नव्हे. केन्जींच्या कवितेत ‘सर्वांचे सुख’ पुष्कळदा येते, तेव्हा आम्ही पाहतो ते हे की, या ‘सर्वां’ना पुढे हातपाय मिळाले की नाही.

ते काही प्रमाणात मिळाले. १९२६ मध्ये केन्जींनी शाळेची नोकरी सोडली, गावाबाहेर एकटे राहून शेती केली, ‘रासु चिजिन क्योकाई’ ही शेतकऱ्यांची संस्था काढली. माती कोणती, भात कोणते, गेल्या वर्षी काय घातले हे विचारून ते शेतकऱ्यांना खतांचे आराखडे विनामूल्य करून देत. पोलिसांच्या संशयामुळे आणि प्रकृतीमुळे संस्था फार टिकली नाही. सावकाराच्या मुलाचे हे प्रायश्चित्त गावाला विचित्रच वाटले. त्याचे यशापयश मोजण्याचे हे स्थळ नव्हे.

शोकाच्या दृष्टीने केन्जींचे सर्वांत महत्त्वाचे लेखन म्हणजे ‘गिंगा तेत्सुदो नो योरु’, अर्थात ‘आकाशगंगेतील आगगाडीची रात्र’ ही दीर्घ कथा. १९२४ च्या सुमारास आरंभ केलेली ही कथा ते शेवटपर्यंत दुरुस्त करीत राहिले आणि ती अपुरीच राहिली. जोव्हान्नी हा गरीब मुलगा. वडील परदेशी, आई आजारी. शाळा सुटल्यावर तो छापखान्यात खिळे वेचतो. उत्सवाच्या रात्री टेकडीवर पडून असताना तो एकाएकी ताऱ्यांतून जाणाऱ्या गाडीत आपल्याला पाहतो आणि समोर त्याचा एकमेव मित्र काम्पानेल्ला बसलेला असतो. वाटेत बुडालेल्या जहाजातील प्रवासी चढतात आणि आपल्या स्थानकावर उतरतात. खरा देव कोणता यावर मुले वाद घालतात. मग वळून पाहावे तो काम्पानेल्लाची जागा रिकामी.

या कथेचे चार खर्डे आहेत. आधीच्या तीन खर्ड्यांत बुल्कानिरो नावाचे एक प्राध्यापक आहेत. हा सारा प्रवास त्यांचा प्रयोग असतो. ते दुःखी मुलाला समजावून सांगतात की भेटणारा प्रत्येक जण काम्पानेल्लाच आहे, म्हणून सर्वांच्या सुखाचा शोध घे. विचार उदात्त आहे आणि केन्जींच्या श्रद्धेशी सुसंगतही आहे. परंतु चौथ्या खर्ड्यात केन्जींनी या प्राध्यापकांना काढून टाकले. त्यांच्याऐवजी आरंभी शाळेचा वर्ग, छापखाना आणि घर ही प्रकरणे घातली, आणि शेवटी नदी आणली. जोव्हान्नी टेकडीवरून उतरतो तेव्हा पुलावर लोक जमलेले असतात. झानेल्ली नावाचा, जोव्हान्नीला चिडवणारा मुलगा पाण्यात पडला. त्याला वाचवून काम्पानेल्ला बुडाला. काम्पानेल्लाचे वडील हातातील घड्याळाकडे पाहतात आणि पंचेचाळीस मिनिटे झाली, आता आशा नाही, एवढेच सांगतात. लगेच ते जोव्हान्नीच्या वडिलांची चौकशी करतात. जोव्हान्नी काही बोलू शकत नाही. त्याच्याजवळ आईसाठी घेतलेले दूध असते. ते घेऊन तो घराकडे धावतो.

तोशीच्या मृत्यूनंतरची वर्षे या दुरुस्तीत साठलेली आहेत, असे आम्ही मानतो. आरंभी शोकाला समजावणारा कोणीतरी हवा होता. म्हणून प्राध्यापक आले आणि आवाज देऊन गेले. शेवटी लेखकाला कळले की ते समजावणे खोटे नसले तरी मुलाच्या कानापर्यंत पोहोचणारे नाही. किसा गोतमीला तथागतांनी मृत्यूची व्याख्या सांगितली नाही. मोहरी आणावयास पाठवले. ती दारोदार गेली आणि प्रत्येक दारात तिला एक एक मरण भेटले. जोव्हान्नीची नदी आणि किसा गोतमीची दारे यांत उपदेश करणारा दूर उभा आहे, आणि माणूस काहीतरी हातात धरून चालत राहिलेला आहे. बौद्ध साहित्यात उपदेश किती असावा यावर आपल्याकडे वाद होत असतात. स्वतः धर्मप्रचारक असलेल्या लेखकाने आपल्या सर्वांत प्रिय कथेतून उपदेशकालाच वगळावे, याचा त्या वादात अवश्य विचार व्हावा.

आता केन्जींच्या स्वतःच्या मृत्यूकडे वळू. १९३१ पासून ते बहुतेक अंथरुणावरच होते. २० सप्टेंबर १९३३ च्या संध्याकाळी एक शेतकरी खतांविषयी विचारावयास आला. केन्जी उठले, कपडे बदलले आणि बराच वेळ बसून त्याचे म्हणणे ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी ते गेले. सद्धर्मपुंडरीकाच्या जपानी अनुवादाच्या हजार प्रती परिचितांना वाटाव्यात, अशी त्यांनी वडिलांना शेवटची विनंती केली आणि वेगळ्या पंथाच्या वडिलांनी ती पुरी केली.

हस्तलिखितांविषयी मात्र त्यांनी घरातील तिघांना तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या, असे कुटुंबीयांच्या आठवणींवरून दिसते. वडिलांना ते म्हणाले की ही माझ्या भ्रमाची चिन्हे आहेत, त्यांचे हवे ते करा. धाकट्या भावाला, सेइरोकू यांना, सांगितले की कोणी प्रकाशक मागेल तर द्या, नाहीतर राहू द्या. आईला सांगितले की या बुद्धाच्या शिकवणुकीच्या गोष्टी आहेत, केव्हातरी लोक त्या आनंदाने वाचतील. वडिलांनी मुलाचा शब्द अक्षरशः मानला असता तर आज हा लेख लिहिण्याचे कारणच उरले नसते. अशा वेळी गेलेल्याची इच्छा कोणती समजावी, हे शोक करणाऱ्यालाच ठरवावे लागते. घरच्यांनी भावाला सांगितलेली गोष्ट खरी मानली.

फेब्रुवारी १९३४ मध्ये टोकियोत काही कवी केन्जींच्या स्मरणार्थ जमले. त्यांत कोतारो ताकामुरा आणि शिम्पेइ कुसानो होते. सेइरोकू हस्तलिखितांनी भरलेली ट्रंक घेऊन तेथे गेले. ट्रंकेच्या झाकणाच्या कप्प्यातून एक लहान टिपणवही निघाली. तीत नोव्हेंबर १९३१ मध्ये आजारपणात लिहिलेली, पावसापुढे आणि वाऱ्यापुढे न नमण्याच्या निर्धाराची कविता होती. शोकसभेत हस्तलिखिते उघडून बसण्याची ही पद्धत आम्हांस फार अनुकरणीय वाटते. परंतु त्या दिवशी जे सापडले त्याचे पुढे काय झाले, हेही पाहणे अगत्याचे आहे.

ती कविता छापण्यासाठी लिहिलेली नव्हती. ती आजारी माणसाने स्वतःसाठी केलेली नोंद होती. १९३६ मध्ये हानामाकीत ताकामुरांच्या हस्ताक्षरात तिचा उत्तरार्ध शिळेवर कोरला गेला. कोरताना काही शब्द सुटले आणि ते १९४६ मध्ये बाजूला भरावे लागले. युद्धकाळात हीच कविता जनतेला निमूटपणे सोसण्याचा धडा म्हणून वापरली गेली. युद्धानंतर १९४७ च्या पाठ्यपुस्तकात, दिवसाला चार गो तांदूळ हे अन्नटंचाईच्या काळात फार वाटतील म्हणून, चाराचे तीन गो करण्यात आले! मेलेल्या कवीच्या ताटातील भातसुद्धा कमी करता येतो. वहीत कवितेनंतरच्या पानावर सूत्राचे नाव आणि बुद्ध-बोधिसत्त्वांची नावे लिहिलेली आहेत. पुनर्मुद्रणांतून ते पान बहुधा गळते. सद्धर्मपुंडरीकातील सदापरिभूत बोधिसत्त्व, जो शिव्या आणि दगड खाऊनही प्रत्येकाला वंदन करतो, तो या कवितेमागे आहे असे अनेक अभ्यासक मानतात. पान गळले की बोधिसत्त्व जातो आणि सहनशील प्रजाजन तेवढा उरतो.

शोक करणारे लेखकाला संत करतात तेव्हा आणखी एक गोष्ट घडते. त्याच्याशी भांडण्याचा आपला अधिकार जातो. आम्हांला या कवितेशी भांडावयाचे आहे. तीतील आदर्श माणूस पूर्वेच्या आजारी मुलाची सेवा करतो, पश्चिमेच्या थकलेल्या मातेचा भारा उचलतो. हे वंदनीय आहे. परंतु उत्तरेस भांडण वा कज्जा असेल तर तो क्षुल्लक आहे, सोडून द्या, असेही तो सांगतो. महाडच्या चवदार तळ्याचा दावा १९२७ मध्ये दाखल झाला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. ती दहा वर्षे कोणी येऊन सांगितले असते की कज्जा क्षुल्लक आहे, तर आपण त्याला करुणावंत म्हटले असते काय? ज्याच्याकडे गमावण्यासारखे काही आहे त्याने कज्जा सोडणे हा त्याग. ज्याला पाणीच नाही त्याने सोडणे ही शरणागती. केन्जींची करुणा खरी आहे, पण ती देणाऱ्याच्या बाजूने लिहिलेली आहे.

त्याहून गंभीर गोष्ट कोकुचूकाईची. या संघटनेचे प्रवर्तक चिगाकु तानाका हे निचिरेन मताची जपानी राष्ट्रवादाशी सांगड घालणारे होते. १९३१ च्या मांचुरिया प्रकरणाचे एक सूत्रधार, सेनाधिकारी कान्जी इशिवारा हेही याच संघटनेचे सदस्य. केन्जींच्या कथा-कवितांत युद्धखोरी दिसत नाही, उलट हिंसेने व्याकूळ झालेले मन दिसते. तरीही त्यांनी ते सदस्यत्व शेवटपर्यंत उघडपणे टाकून दिले असे दिसत नाही. भक्तिभावाने लिहिलेल्या चरित्रांत हा भाग दोन ओळींत उरकतात. धम्माचे नाव घेऊन राष्ट्रपूजा कशी होते, हे आपल्याला इतिहासातूनच शिकावयाचे आहे. ज्या लेखकावर आपले प्रेम जडते त्याच्या बाबतीत तर ते अधिक दक्षतेने शिकले पाहिजे.

संत करण्याचा हा व्यवहार एकीकडे चालू असताना सेइरोकू आपले काम करीत राहिले. १९३४-३५ मध्ये तीन खंडांत पहिली ग्रंथावली निघाली. १० ऑगस्ट १९४५ रोजी हानामाकीवर बाँबहल्ला झाला आणि मियाझावांचे घर जळाले. टोकियोतील घर जळाल्याने कोतारो ताकामुरा त्या वेळी तेथेच आश्रयाला होते. मातीच्या जाड भिंतींच्या कोठारातील हस्तलिखिते वाचली. सेइरोकू २००१ पर्यंत, सत्त्याण्णव वर्षांचे होऊन, जगले. भावाच्या मृत्यूनंतर अडुसष्ट वर्षे.

१९७३ ते १९७७ या काळात यासुओ इरिसावा, ताइजिरो आमाझावा आदी संपादकांनी प्रत्येक कागद, प्रत्येक खाडाखोड आणि शाईचा रंग तपासून पाठचिकित्सक ग्रंथावली काढली. आकाशगंगेच्या कथेचे चार खर्डे वेगळे झाले ते तेव्हा. तोपर्यंतच्या आवृत्त्यांत प्राध्यापक बुल्कानिरोही होते आणि नदीही होती. निरनिराळ्या काळातील पाने एकत्र शिवलेली होती. लेखकाने काढून टाकलेला समजावणारा आवाज त्याच्या चाहत्यांनी चाळीस वर्षे कथेत परत आणून बसवला होता. हेतू चांगलाच होता.

महापरिनिब्बान सुत्तात भगवंतांच्या अखेरच्या समयी आनंद दाराला टेकून रडतो, आणि तथागत त्याला बोलावून घेऊन त्याच्या सेवेची प्रशंसा करतात. पुढे राजगृहात संगीती भरते. तेथे हाच आनंद ऐकलेले सर्व काही आठवून सांगतो, भिक्खू त्याला प्रश्न विचारतात, त्याचे दोषही दाखवतात. विनयातील चुल्लवग्गात एक नोंद फार मोलाची आहे. संगीती आटोपल्यावर पुराण नावाचे थेर येतात. संगायन चांगले झाले, असे ते म्हणतात. आपण मात्र भगवंतांकडून प्रत्यक्ष जसे ऐकले तसेच धारण करू, असेही सांगतात. ही असहमती पुसून टाकण्यात आली नाही. ती ग्रंथातच राहिली.

आपल्याकडे अशा कामाचा आदर्श नाही असे नव्हे. बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि पेट्यांत पडून असलेले त्यांचे कागद वसंत मून आणि सहकाऱ्यांच्या परिश्रमाने १९७९ पासून खंडरूपाने बाहेर येऊ लागले. बाबासाहेबांसारख्या युगपुरुषाचे कागदसुद्धा वीस वर्षांहून अधिक काळ वाट पाहत राहिले. मग ज्याचे एकच पुस्तक निघाले, किंवा तेही निघाले नाही, अशा तरुणाच्या वह्यांचे काय?

असा एखादा कवी गेल्यावर त्याच्या घरी जाणाऱ्यांपैकी कोणीतरी हार घरी ठेवून पुठ्ठ्याचे खोके घेऊन जावे. आईला विचारावे की त्याचे कागद कोठे आहेत. कोणत्या वहीत कोणते साल, कोणती कविता किती वेळा लिहिली, कोठे खोडले, हे नुसते उतरवून काढावे. खोडलेलेही उतरवावे. त्यात त्याची कच्ची पाने निघतील, चळवळीवर रागावून लिहिलेली पाने निघतील, आपल्यापैकी कोणाविषयी कडवट ओळी निघतील. त्याही ठेवाव्यात. तोशीसाठी केलेल्या प्रार्थनेतील आइस्क्रीम हा शब्द अशाच ठेवलेल्या प्रतीमुळे उरला आहे.